पंधरा महिन्यांचं नर्सिंग घ्यावं का? बडोद्याच्या एका मुलीला उत्तर

कारेलीबागेतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. वय ३२, सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., मग सात वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोकरी. नवरा न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती दोन महिन्यांनी एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, तिकडे जाते आहे. तिकडच्या एका कॉलेजची माहिती तिच्या वाचनात आली: कुठल्याही विषयातली पदवी असेल, तर अ‍ॅक्सिलरेटेड नर्सिंग, म्हणजे पंधरा महिन्यांत बी.एस.एन., नर्सिंगची पदवी. तिने विचारलंय, "ताई, हे माझ्यासाठी आहे का?"

तू ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. मी बडोद्यातच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, इथल्या वॉर्डात दहा वर्षं काढली, १९९८ मध्ये अमेरिकेत गेले. तिथली शेवटची नऊ वर्षं मी अशाच अ‍ॅक्सिलरेटेड बॅचच्या मुलामुलींना हॉस्पिटलात हाताखाली घेऊन शिकवत होते. त्यामुळे हा कोर्स कुणाला झेपतो आणि कुणाला मोडतो, हे मी जवळून पाहिलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकते. या कोर्समधून शिकायचा भाग कमी केलेला नसतो. फार्माकॉलॉजी तीच, बाळंतपण तेच, मानसिक आजार तेच, आणि लायसन्ससाठी शेवटी द्यायची एनक्लेक्स परीक्षाही चार वर्षं शिकलेल्यांचीच. पहिल्या पदवीत झालेले भाषा, गणित, समाजशास्त्र असले सामान्य विषय वगळतात, आणि सुट्ट्या काढून टाकतात. उन्हाळ्याची सुट्टी नाही, दोन सत्रांच्या मध्ये फार तर आठवडा-दोन आठवडे. ही कल्पना नवीही नाही. सेंट लुई विद्यापीठाने १९७१ मध्ये असा कोर्स सुरू केला, आणि आता असे कोर्स साधारण ११ ते १८ महिन्यांचे असतात. आधी पदवी घेतलेल्या माणसाला अभ्यास कसा करायचा हे शिकवावं लागत नाही, हा त्यामागचा विचार. तो खरा आहे. तू सात वर्षं लॅबमध्ये नोंदी ठेवल्या आहेस, अभ्यासाची मला तुझ्याबद्दल चिंता नाही.

मला चिंता आहे ती सुट्ट्यांबरोबर जे जातं त्याची.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा माझ्या कॉटवरची एक म्हातारी सकाळी साडेसहाला गेली. रात्रभर मी तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी माझ्याकडूनच तिचं सगळं करून घेतलं. डोळे मिटवणं, हनुवटी बांधणं, अंग पुसणं. मग पॅन्ट्रीत नेऊन चहा दिला आणि म्हणाल्या, "दोन दिवस घरी जाऊन ये." मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दोन दिवस नुसती बसून होते. आईने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत मी मयताच्या नातेवाइकांशी नीट, न गडबडता बोलायला शिकले होते. हे कुठल्या पेपरात नव्हतं. होस्टेलच्या त्या तीन वर्षांत, मधल्या रिकाम्या दिवसांत, ते आपोआप आत मुरत गेलं.

अ‍ॅक्सिलरेटेडमध्ये ते मुरायला वेळ नसतो. माझ्या हाताखाली बँकेतली चांगली नोकरी सोडून आलेली एक मुलगी होती, वर्गात पहिल्या तिघांत. मंगळवारी सकाळी तिचा पेशंट गेला. बुधवारी फार्माकॉलॉजीची परीक्षा, तीही तिने उत्तम दिली. गुरुवारी पुन्हा त्याच मजल्यावर क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळचं प्रत्यक्ष काम. पाच आठवड्यांनी तिने कोर्स सोडला. मी विचारलं तर म्हणाली, त्या दिवसाबद्दल विचार करायला अजून वेळच मिळाला नाही. त्याच बॅचमध्ये चाळिशीची एक शाळामास्तरीण होती, मार्क जेमतेम. तिने अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांचं चार वर्षं घरी केलं होतं. कूस बदलणं, बेडसोर होऊ न देणं, रात्री उठून लघवीचं भांडं देणं, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. ती हॉस्पिटलात शिरली तेव्हा निम्मी नर्स झालेलीच होती. ती आज आयसीयूत आहे.

म्हणून मी कुणाच्याही मार्कांआधी हे विचारते: आजारी माणसाच्या जवळ तू किती राहिली आहेस? भेटायला जाऊन नारळपाणी ठेवून येणं यात मोजायचं नाही. हात घालावा लागला होता का? मुरायला जो वेळ लागतो तो हा कोर्स देत नाही, तो तुझ्याकडे आधीच जमा असला पाहिजे. असेल तर पंधरा महिने पुरतात. नसेल तर आधी तो कुठेतरी जमा कर. ते जमतं, त्याबद्दल पुढे सांगते.

यात आपल्याकडच्या मुलींची एक खास अडचण आहे. आपल्या सरकारी हॉस्पिटलात पेशंटची अंघोळ, बेडपॅन, भरवणं, कूस बदलणं हे बहुतेक नातेवाईक करतात. खाटेशेजारी चटई टाकून कुणीतरी मावशी, सून, भाऊ बसलेला असतोच. एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की इंजेक्शन, सलाइन आणि केसपेपर यांतच पाळी संपते. त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढची नर्स ट्रॉली घेऊन येते, इंजेक्शन देते, पुढे जाते. अमेरिकेत खाटेजवळ नातेवाईक बसतो, पण हात लावत नाही. सगळं नर्सने आणि तिच्या मदतनीसाने करायचं. कॅलिफोर्नियात तर साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त पेशंट द्यायचे नाहीत असा कायदाच आहे. पाच म्हटल्यावर आपल्याला हायसं वाटतं. पण त्या पाचांचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं तुझ्याकडे असतं, आणि प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवर वेळेसह नोंदवायची असते.

आता आठवडा कसा जातो ते सांगते, म्हणजे घरी बोलता येईल. दोन-तीन दिवस वर्ग आणि स्किल्स लॅब. दोन दिवस क्लिनिकल, बरेचदा बारा तासांची पाळी. पावणेसातला मजल्यावर हँडओव्हरला उभं राहायचं, म्हणजे घरातून साडेपाच-पावणेसहाला निघायचं. जानेवारीत आधी गाडीवरचा बर्फ खरवडायचा. संध्याकाळी परत आल्यावर त्या पेशंटचा केअर प्लॅन लिहायचा. जवळजवळ दर आठवड्याला एखादी परीक्षा. पास व्हायला अनेक कॉलेजांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त लागतात. एक विषय दोनदा गेला की बऱ्याच ठिकाणी नाव कमी करतात. औषधाच्या डोसचं गणित, मिनिटाला किती थेंब, तासाला किती मिली, यात नव्वदच्या वर, काही ठिकाणी शंभर टक्के मिळाल्याशिवाय पेशंटजवळ जाऊ देत नाहीत. नोकरी करू नका असं बहुतेक कॉलेजं स्पष्ट सांगतात, आणि ते खरोखर ऐकायचं असतं.

तुझी मुलगी चार वर्षांची. पाळणाघरं साधारण सातला उघडतात. साडेपाच ते सात या वेळात ती कुणाजवळ असणार? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माझ्या डोळ्यांदेखत जितक्या बायकांचा कोर्स सुटला, त्यांतल्या निम्म्यांचा याच दीड तासापायी सुटला. आई येईल म्हणशील. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, कोर्स पंधराचा आहे. आई आणि सासूबाई आळीपाळीने आल्या तरी मध्ये खिंडारं पडतात, शिवाय कुणाचा गुडघा, कुणाची साखर. म्हणून ही जबाबदारी मुळात नवऱ्याची धर. त्याच्याशी "तू मदत करशील ना" एवढं बोलून चालणार नाही, तो हो म्हणेलच. आठवड्याचे सात दिवस कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेव आणि विचार, बुधवारी सकाळी डबा कोण भरणार, ताप आला तर ऑफिसातून कोण निघणार. सोसायला लागतं ते त्यालाही कळू दे.

आता पंधरा महिन्यांचा हिशेब. जाहिरातीतला आकडा वर्गात बसल्या दिवसापासूनचा असतो. त्याआधी तुझ्या पदवीचं मूल्यमापन व्हावं लागतं, विषयवार. त्यात दोन अडचणी येतील. तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची, तिकडची पदवी चारची. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी धरतात, काही नाही. तेव्हा त्या-त्या कॉलेजकडून लेखी विचारून घे, मैत्रिणीचं झालं म्हणून आपलं होईल असं धरू नकोस. दुसरी अडचण पूर्वतयारीच्या विषयांची. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लॅबसह, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, सांख्यिकी, मानसशास्त्र, बरेचदा पोषणशास्त्रही. तुझी मायक्रोबायोलॉजी नक्की उत्तम असणार, पण अनेक कॉलेजं शास्त्राचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच मागतात, आणि तुझी पदवी त्याहून जुनी आहे. म्हणजे तीही पुन्हा करावी लागेल असं धरून चाल. हे विषय कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन-तीन सत्रांत होतात. मग अर्ज, मग प्रवेशाची वाट, मग पंधरा महिने, मग एनक्लेक्सच्या तयारीचे दोन-तीन महिने. माझ्या हिशेबाने तुला विमानातून उतरल्यापासून हातात लायसन्स येईपर्यंत तीन वर्षं.

एकदा तीन वर्षं म्हटलं की दुसरा रस्ताही शेजारी ठेवून पाहता येतो. त्याच कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. त्यावरही तीच एनक्लेक्स देता येते, आणि लायसन्स तेच मिळतं. खर्चाचा फरक मोठा आहे: खासगी विद्यापीठाचा अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स ५० हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, कम्युनिटी कॉलेज त्याच्या कितीतरी खाली. आणि तुला सरकारी विद्यार्थी-कर्ज मिळणार नाही, ते नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि अशाच काही थोड्यांना मिळतं. तोटा असा की मोठी हॉस्पिटलं बी.एस.एन.वाल्यांना आधी घेतात. शेजारच्या न्यू यॉर्क राज्यात तर २०१७ च्या कायद्याने नव्या नर्सेसना दहा वर्षांत बी.एस.एन. पूर्ण करावं लागतं. पण ते नोकरी करता करता ऑनलाइन होतं. माझ्या मते लहान मूल असलेल्या बाईने हा रस्ता निदान गंभीरपणे तपासावा. मध्ये उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि सुट्टी म्हणजे काय हे मी वर सांगितलंच.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि कॉलेजवाले ती तुला सांगणार नाहीत, कारण ते त्यांचं काम नाही. एच-४ वर शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. नवऱ्याची आय-१४०, म्हणजे त्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली मागणी, मंजूर झाली असेल तर २०१५ पासूनच्या नियमाप्रमाणे तुला ईएडी नावाचं वर्क परमिट मागता येतं. झाली नसेल, तर पास होऊन, लायसन्स काढून तू घरी बसशील. अशी एक मुलगी मला माहीत आहे. एनक्लेक्स पहिल्या फटक्यात पास, आणि दोन वर्षं युनिफॉर्म कपाटात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलीस तर नंतर वर्षभर ओपीटी नावाच्या परवानगीवर काम करता येतं, पण पुढे काय हा प्रश्न राहतोच. साध्या वॉर्ड नर्सच्या जागेला एच-१बी बहुधा मिळत नाही, कारण त्या जागेला पदवी सक्तीची धरली जात नाही. नर्सेससाठी ग्रीन कार्डची एक पायरी वगळलेली आहे हे खरं, तरी भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे. त्यामुळे आज रात्रीच्या फोनवर नवऱ्याला विचार: आय-१४० कुठवर आलीय? उत्तर "मंजूर" असेल तर घाई करण्यात अर्थ आहे. "कंपनी पुढच्या वर्षी बघू म्हणते" असेल, तर पंधरा महिन्यांच्या कोर्सची घाई कशासाठी? आणि फी भरण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन एकदा विचार. हे नियम बदलत असतात.

कॉलेज निवडताना राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं अ‍ॅक्रेडिटेशन पाहायचं. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास झाले, हे आकडे बोर्डं जाहीर करतात. पण त्या आकड्यात एक गोष्ट दिसत नाही. चाळीस जण बसले, बारा वाटेत गळले, उरलेले अठ्ठावीस पास झाले, तरी निकाल शंभर टक्केच. म्हणून विचारायचं ते हे: गेल्या तीन बॅचमध्ये पहिल्या दिवशी किती होते आणि शेवटच्या दिवशी किती? टाळाटाळ केली तर दुसरं कॉलेज बघ. क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात, घरापासून किती लांब, हेही आधीच. आणि कुणी "क्लिनिकलशिवाय करून देतो" म्हणालं तर उठून चालू पड. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी विकलेल्या ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग पदव्यांचं प्रकरण बाहेर आलं.

एनक्लेक्सबद्दल थोडक्यात, कारण आपल्या पद्धतीने शिकलेल्यांना ती चकवते. एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप आलंय: कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास, आणि तुझ्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो. प्रश्न पाठांतराचे नसतात. उदाहरण देते. पाळीला आलीस, चार पेशंट आहेत. एकाचं काल ऑपरेशन झालंय, दुखतंय म्हणतो. दुसरा मधुमेहाचा, सकाळची साखर २१०. तिसरा सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा, ऑक्सिजन ९० टक्के. चौथीचं काल थायरॉइडचं ऑपरेशन, श्वास घेताना घशातून आवाज येतोय आणि मानेवरची पट्टी घट्ट वाटते म्हणते. आधी कुणाकडे जाशील? नवशिके ९० टक्क्यांकडे धावतात. पण सीओपीडीत ८८ ते ९२ चालतं, त्याचं ते नेहमीचंच. चौथीच्या मानेत आत रक्त साचत असेल तर श्वासनलिका काही मिनिटांत दाबली जाईल. तिच्याकडे आधी. चारही उत्तरं बरोबर वाटतात आणि त्यांतलं पहिलं निवडायचं, ही सवय पुस्तकापेक्षा वॉर्डात जास्त लागते. म्हणूनच माझा भर पुन्हा पुन्हा खाटेजवळ राहण्यावर आहे.

हा प्रश्न वाचणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या मुली बडोद्यात भेटतात, त्यांनाही सांगते. ज्यांचं जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय, त्यांनी या कोर्सच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या कागदपत्रांचं मूल्यमापन होऊन थेट एनक्लेक्स देता येते. मीही तसंच केलं, तेव्हा आधी सीजीएफएनएस या परदेशी नर्सेसची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेची परीक्षा होती. आणि ज्यांना इथेच राहून नर्स व्हायचंय, त्यांच्यासाठी आपल्याकडे पदवीधरांचा असा जवळचा रस्ता नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रांचं, आणि त्याला बारावी सायन्सला बायोलॉजी लागतं. जीएनएम तीन वर्षांचं. पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं असतं खरं, पण ते फक्त नोंदणीकृत जीएनएम नर्सेससाठी. "तुमची केमिस्ट्रीची पदवी आहे ना, दोन वर्षांत नर्सिंग करून देतो" असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आता तुझ्याबद्दल माझं मत. या वर्षी अर्ज करू नकोस. तिकडे गेल्यावर पहिल्या सत्रात दोनच गोष्टी कर. कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचा पहिला भाग घे. आणि सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा कोर्स कर. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने तो कमीत कमी ७५ तासांचा असतो, पुष्कळ राज्यांत त्याहून थोडा जास्त, म्हणजे काही आठवड्यांचं काम. त्यात वृद्धाश्रमासारख्या नर्सिंग होममध्ये नेतात आणि खरोखर करायला लावतात: अंघोळ, डायपर, भरवणं, उचलून खुर्चीत बसवणं. परमिट नसताना त्याचा पगार घेता येणार नाही, पण शिकायला हरकत नाही. मी जो आधी जमा करायचा वेळ म्हणत होते, तो इथे जमा होतो. त्या आठवड्यांत संध्याकाळी घरी येताना तुझ्या मनात त्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे असतील की कधी संपतंय हे असेल, याकडे लक्ष दे. पहिलं असेल, अ‍ॅनाटॉमीत ए मिळाला असेल आणि आय-१४० मंजूर असेल, तर बेधडक अर्ज कर, मी शिफारसपत्राबद्दल सांगेन. अ‍ॅनाटॉमी बरी गेली, पण व्हिसा लटकलेला असेल, तर दोन वर्षांचा कोर्स शांतपणे धर. आणि ते आठवडे अंगावर आले, तर तुझी मायक्रोबायोलॉजी घेऊन क्लिनिकल लॅबच्या कामाकडे वळ. तिथेही पेशंटचंच भलं होतं, आणि लॅबची सवय असलेली माणसं त्यांना हवी असतात.

बडोद्यातले हे दोन महिने फुकट घालवू नकोस. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टसाठी आत्ताच अर्ज टाक. मूल्यमापन करणारे लोक सीलबंद किंवा थेट विद्यापीठाकडून आलेलं मागतात, आणि तिकडे बसून ते मिळवणं महाकठीण. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, किती तास थिअरी, किती प्रॅक्टिकल, याचीही सही-शिक्क्याची प्रत घे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का बघ, जुळत नसेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत जवळ ठेव. तुझ्या आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत असं तू लिहिलंयस. त्यांना स्पंजिंग करायला रोज बाई येते, उद्यापासून तिच्याबरोबर उभी राहा आणि आठवड्याने तू कर.

मी सहसा दुपारी चारनंतर घरी असते. मार्कशीट घेऊन ये, कुठले विषय धरले जातील ते समोर ठेवून पाहू.